नकाशा निरभ्र, चिपी ढगात: कोकणात उड्डाणाआधी हवामानाची चित्रं कुठे चकवतात आणि त्यावर काय करायचं

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. पहाटे फोनवर उपग्रहाचं चित्र पाहिलं, किनारा काळाभोर, म्हणजे निरभ्र. रडारवर एक ठिपका नाही. संगणकी हवामान मॉडेलच्या नकाशात ढगाचा तळ दोन हजार फुटांच्या वर. विमान दापोलीच्या पुढे गेलं आणि खाली सलग पांढरा थर, समोर धुरकं. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाहून कळतं, सीलिंग, म्हणजे आकाश झाकणाऱ्या ढगाचा तळ, सातशे फूट. मग दोष अ‍ॅपला दिला जातो, दुसरं अ‍ॅप उतरवलं जातं आणि पुढच्या खेपेला तेच होतं.

अ‍ॅप बदलून हे सुटत नाही. यातलं प्रत्येक चित्र एका ठरावीक उंचीचं आणि एका ठरावीक वेळेचं असतं. लहान विमानाला कोकणात त्रास देणारं हवामान मात्र तीन हजार फुटांच्या खाली आणि समुद्र ते सह्याद्री या चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पट्टीत असतं. उपग्रहाला ते समुद्रापासून वेगळं दिसत नाही, रडारच्या किरणाखालून ते निसटतं, मॉडेलच्या जाळीतून गळतं. म्हणून खाली लक्षणं एकेक करून घेतली आहेत. सगळं ऑक्टोबर ते मे या काळातल्या व्हीएफआर, म्हणजे बाहेर नजरेने पाहत केलेल्या, उड्डाणाला धरून आहे. जून ते सप्टेंबरमध्ये किनाऱ्यालगत लांबचं व्हीएफआर उड्डाण आखत असाल तर प्रश्न चित्रांचा नाही, बेताचा आहे.

आधी घड्याळ तपासा

निम्मे घोळ इथेच मिटतात. हवामान खात्याच्या उपग्रह आणि रडार चित्रांवर वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, छापलेली असते, जागतिक अ‍ॅप तीच चित्रं स्थानिक वेळेत दाखवतात. ०३३० म्हणजे पहाटेचे साडेतीन नव्हेत, सकाळचे नऊ. सकाळी साडेनऊला ०१३० ची चित्रफीत पाहून कुणी ‘ताजी आहे’ म्हणत असेल, तर ती सातची आहे. कोकणात सात ते साडेनऊ या वेळात आकाशाचा नूर पूर्ण बदलतो.

दुसरं, काही अ‍ॅपमध्ये रडार आणि उपग्रहाच्या चित्रफितीची शेवटची दहा-वीस मिनिटं निरीक्षणाची नसतातच. ती आधीच्या हालचालीवरून पुढे सरकवलेली असतात. पट्टीवर ‘आत्ता’ची खूण कुठे आहे ते पाहून तिच्या डावीकडचंच खरं माना. फोनची रेंज गेली की शेवटचं साठवलेलं चित्र पडद्यावर तसंच राहतं, आणि बरीच अ‍ॅप हे मोठ्याने सांगत नाहीत.

तिसरं, मॉडेलची धाव. युरोपीय आणि अमेरिकी दोन्ही मोठी मॉडेल दिवसातून चार वेळा, ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीला सुरू होतात आणि त्यांचं उत्तर काही तासांनी हाती येतं. ०० ची धाव आपल्या साडेपाचला सुरू होते. म्हणजे सकाळी सहाला तुम्ही जे रंग पाहता ते आदल्या संध्याकाळी साडेपाचच्या किंवा रात्री साडेअकराच्या धावेचे. माहितीच्या चौकटीत धावेची वेळ लिहिलेली असते. ती उघडून बघायची सवय लावा.

लक्षण: उपग्रहात काही नाही, मेटारमध्ये बीकेएन ००८

मेटार म्हणजे विमानतळाचा ठरावीक वेळाने निघणारा हवामान अहवाल, आणि बीकेएन ००८ म्हणजे आठशे फुटांवर आकाशाचा बराच भाग झाकणारा ढग. सगळ्यात जास्त फसवणारं हेच, म्हणून इथे जरा थांबू.

रात्री आणि पहाटे जे चित्र दिसतं ते इन्फ्रारेड. ते ढग दाखवत नाही, तापमान दाखवतं. थंड ते पांढरं, उबदार ते काळं. उंच ढगाचा माथा उणे चाळीस-पन्नास अंशांवर असतो, तो लख्ख दिसतो. किनाऱ्यावरच्या सखल, थरासारख्या ढगाचा (स्ट्रेटस) माथा मात्र दीड-दोन हजार फुटांवर, समुद्राच्या पृष्ठभागापेक्षा जेमतेम दोन-चार अंशांनी थंड. वर उष्णतेचा उलटा थर, म्हणजे इन्व्हर्जन, असला तर तेवढाही फरक राहत नाही. इन्सॅट या भारतीय उपग्रहाच्या या पट्ट्याचा एक ठिपका चार किलोमीटरचा. काळ्यावर काळं काढल्यावर दिसणार काय? ‘निरभ्र’ असा अर्थ त्या काळ्या रंगाला आपण चिकटवलेला असतो.

उपाय असा. रात्री साधं इन्फ्रारेड बाजूला ठेवून ‘नाइट मायक्रोफिजिक्स’ हे रंगीत चित्र उघडा. इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीएसवर ३.९ मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा आहे. पाण्याच्या बारीक थेंबांचा ढग या पट्ट्यात आणि ११ मायक्रॉनच्या पट्ट्यात सारखा वागत नाही, त्या फरकातून सखल ढग आणि धुकं फिकट हिरवट-निळसर उमटतं. जाड उंच ढग गडद लाल. हवामान खात्याच्या उपग्रह पानावर आणि रॅपिड या साधनात हे चित्र मिळतं. रॅपिडमध्ये किनारा मोठा करून बघता येतो.

या चित्राच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवा. वर सायरस हा उंच, पातळ ढग पसरलेला असेल तर खालचा थर झाकला जातो. आणि सूर्योदयाच्या आगेमागे ३.९ मायक्रॉनच्या पट्ट्यात उन्हाचं परावर्तन मिसळतं, त्यामुळे रंग बिनसतात. नेमकी ही वेळ तुम्ही विमानाभोवती फेरी मारत असता तीच. त्या तासात उपग्रहाकडून उत्तराची अपेक्षाच करू नका, मेटारवर या.

सूर्य उगवून अर्धा-पाऊण तास झाला की दृश्य प्रकाशाचं चित्र घ्या. याचा ठिपका एक किलोमीटरचा, आणि तिरप्या उन्हात सखल ढगाची कड स्पष्ट दिसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी यात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या खोऱ्यांत पांढरे धागे दिसतात. ते खोऱ्यातलं धुकं. महाड-चिपळूण त्यात बुडलेलं आणि शेजारचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, उन्हात, असं सर्रास असतं. धागे असतील तर नऊ-साडेनऊपर्यंत ते बहुधा विरतात. समुद्रावरून आत आलेली सलग चादर असेल तर ती इतक्या लवकर जात नाही. अर्ध्या तासाच्या अंतराची दोन चित्रं शेजारी ठेवून कड कुठे सरकली ते मोजा. कड आत, म्हणजे जमिनीकडे, सरकत असेल तर मेटारमध्ये अजून न आलेली वाईट बातमी तुम्हाला मिळाली.

आता मेटारचा एक उपयोग जो फारसा कुणी करत नाही. गोव्याच्या दोन विमानतळांपैकी दाबोळी सुमारे ५६ मीटर उंचीवर, मोपा सुमारे १७० मीटरवर. उंचीतला फरक पावणेचारशे फुटांचा. मेटारमधला ढगाचा तळ विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेला असतो. तर दाबोळीला ००६ आणि मोपाला ००२ असं एकाच वेळी आलं, तर हे विसंगत नाही. समुद्रसपाटीपासून सात-आठशे फुटांवर तळ असलेला एकच थर दोन्हीकडे आहे. कोकणातल्या बऱ्याच धावपट्ट्या सड्यावर आहेत. थर ओळखला की पुढच्या सड्यावर काय असेल ते वजाबाकीने काढता येतं.

तापमान आणि दवबिंदू यांतला फरक गुणिले चारशे फूट, हे गणित सगळ्यांना पाठ असतं. दुपारच्या ढवळलेल्या हवेत ते चालतं. पहाटे जमिनीलगत गार थर बसलेला असताना चालत नाही. तेव्हा फरक एक अंश किंवा कमी आणि वारा तीन नॉटच्या आत, एवढंच बघा. उत्तर उंचीत येत नाही, धुकं येईल की नाही यात येतं. लागोपाठ तीन मेटार घ्या. फरक तीनवरून दोन, दोनवरून एक असा उतरत असेल तर अजून तळ दिसला नाही तरी थांबा.

थर किती जाड आहे ते सांताक्रूझ आणि गोव्याहून सोडलेल्या, उंचीनुसार तापमान आणि ओल मोजणाऱ्या फुग्याच्या नोंदीत कळतं. ०० यूटीसीची नोंद सकाळी संकेतस्थळांवर आलेख म्हणून दिसते. तापमान आणि दवबिंदूच्या रेषा जिथपर्यंत चिकटून आहेत तिथपर्यंत ढग, आणि तापमानाची रेषा जिथे उजवीकडे उलटते तिथे त्याचं झाकण. ९५० हेक्टोपास्कल दाबाची पातळी म्हणजे ढोबळ मानाने १,८०० फूट, ९२५ म्हणजे २,५०० आणि ९०० म्हणजे ३,२०० फूट. ५०० फूट जाडीचा थर ऊन चढताच फाटतो. १,५०० फुटांचा दुपारपर्यंत रेंगाळू शकतो.

लक्षण: ढग कुठेच नाही, तरी धावपट्टी दिसत नाही

हे धुरकं. ते उपग्रहाच्या चित्रात फार तर मळकट छटा म्हणून येतं, रडारमध्ये येत नाही. मॉडेलचा ‘दृश्यता’ हा थर मुख्यतः आर्द्रता, धुकं आणि पाऊस यांवरून काढलेला असतो; त्यात मुंबईचा धूर आणि वणव्यांची राख धरलेली असेलच असं नाही. म्हणून डिसेंबरात नकाशावर वीस किलोमीटर आणि मेटारमध्ये ३००० एचझेड, म्हणजे धुरक्यामुळे तीन हजार मीटर दृश्यता. अशा वेळी मेटार मानायचा, वाद घालायचा नाही. धूळ-धुराचे वेगळे नकाशे मिळतात, पण ते जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या स्तंभाचा आकडा देतात. तो धूर तुमच्या उंचीवर आहे की दहा हजार फुटांवर, हे त्यातून समजत नाही.

इथेही फुग्याची नोंद कामाची. इन्व्हर्जनचा पाया ९२५ ला असेल तर अडीच हजार फुटांपर्यंत धुरकं आणि वर लखलखीत आकाश. साडेतीन हजारांवरून जाताना घाटमाथा स्वच्छ दिसतो, वैमानिक निर्धास्त होतो आणि उतरताना धावपट्टी सापडत नाही. हिशेब करून पाहा. तीन हजार फुटांवरून तिरकी नजर पाच किलोमीटर जात असेल तर जमिनीवरचं अंतर ४.९ किलोमीटर, म्हणजे २.६ सागरी मैलांच्या आसपास. नव्वद नॉट वेगाने ते पावणेदोन मिनिटांत संपतं. दुपारनंतर पश्चिमेकडे तोंड करून येत असाल तर समोर सूर्य, मग पाचचे तीन झाले म्हणून समजा. जुहू, चिपी, दाबोळी, मोपा यांच्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिमच आहेत. त्यामुळे खारे वारे सुटल्यावर २६, २७ किंवा २८ क्रमांकाच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या धावपट्टीवर उतरायचं म्हणजे उन्हाला सामोरं जायचं, हे ठरलेलंच.

लक्षण: अ‍ॅपवर विमानतळाचा ठिपका निळा, तरी टॉवर व्हीएफआर देत नाही

ठिपक्यांचे रंग अमेरिकी वर्गवारीचे असतात. हिरवा म्हणजे सीलिंग ३,००० फुटांच्या वर आणि दृश्यता पाच स्टॅट्यूट मैलांच्या वर, म्हणजे आठ किलोमीटर. निळा म्हणजे सीलिंग १,००० ते ३,००० फूट किंवा दृश्यता तीन ते पाच मैल. त्याखाली लाल, आणि अगदी वाईट असेल तर जांभळा. आपल्याकडे नियंत्रण क्षेत्रातल्या विमानतळावर व्हीएफआरने उडायला किंवा उतरायला सीलिंग १,५०० फूट आणि जमिनीवरची दृश्यता ५ किलोमीटर हवी. तीन मैल म्हणजे ४.८ किलोमीटर. म्हणजे ४,९०० मीटर दृश्यतेला किंवा बाराशे फुटांच्या सीलिंगला ठिपका निळाच, आणि भारतात तुम्ही जमिनीवर.

उलटही होतं. मुंबईत हिवाळ्यात ४००० एचझेड असलं की ठिपका लाल होतो आणि नवखा माणूस तिथे ढग कोसळलेत असं समजतो. लाल कशामुळे, दृश्यतेमुळे की ढगामुळे, हे ठिपका सांगत नाही. तेव्हा ठिपका दिसला की तो दाबून मूळ मेटार वाचायचा. सीलिंग म्हणजे बीकेएन किंवा ओव्हीसी (पूर्ण झाकलेलं आकाश) असलेला सर्वांत खालचा थर. एससीटी, म्हणजे विखुरलेला ढग, धरायचा नाही, पण ‘एससीटी ००८’ हा अर्ध्या तासात बीकेएन होऊ शकतो हेही विसरायचं नाही. मेटारवरची वेळही पाहा. जे विमानतळ चोवीस तास चालत नाहीत त्यांचा शेवटचा अहवाल नकाशावर तासन्‌तास तसाच लटकलेला राहू शकतो, रंगासकट.

लक्षण: मुंबई आणि गोव्याचं रडार स्वच्छ, रत्नागिरीला पाऊस

रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी वाकते. सर्वांत खालचा किरण अर्धा अंश वर धरला तर शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे ४,८०० फुटांवर असतो, दीडशेवर ८,६०० आणि दोनशेवर १३,००० च्या पुढे. कुलाब्याहून रत्नागिरी सव्वादोनशे किलोमीटरच्या थोडं आत आहे, पणजीहून पावणेदोनशेच्या आसपास. म्हणजे रत्नागिरीवर गोव्याचं रडार अकरा हजार फुटांच्या खाली बघतच नाही आणि मुंबईचं पंधरा हजारांच्या खाली. सखल ढगांतली रिपरिप या दोन्हींच्या खाली सुरक्षित लपते.

यावरून रडारवर किती भिस्त ठेवायची ते महिन्यावर ठरतं. मे आणि ऑक्टोबरमधला गडगडाटी ढग चाळीस हजार फुटांपर्यंत चढतो, तो लांबूनही दिसतो. त्या महिन्यांत रडार रिकामं असेल तर बऱ्यापैकी खरं. जूनच्या आरंभी किंवा अवेळी मळभ आलेल्या हिवाळी दिवसात रिकाम्या रडारला मधल्या पट्टीसाठी काहीच किंमत नाही.

हवामान खात्याच्या ‘मॅक्स झेड’ चित्रात वर आणि उजवीकडे अरुंद पट्ट्या असतात. बरेच जण त्या कापून चित्र पुढे पाठवतात, आणि तिथेच खरी माहिती जाते. मधला नकाशा प्रत्येक ठिकाणचा सर्वांत जोरदार प्रतिध्वनी दाखवतो, मग तो कुठल्याही उंचीचा असो. कडेच्या पट्ट्या त्याची उंची सांगतात. प्रतिध्वनी चार किलोमीटरवरच थांबला असेल तर सर. बारा-चौदापर्यंत गेला असेल तर तो ढग टाळायचा, अंतर ठेवून.

एक उलटी गंमतही आहे. पहाटे समुद्रावर दाणेदार, न हलणारे प्रतिध्वनी दिसतात आणि उपग्रहात तिथे ढग नसतो. तीव्र इन्व्हर्जनमुळे किरण खाली वाकून समुद्रावर आपटतो, त्याचं ते चित्र. पाऊस नाही म्हणून सोडून देऊ नका. झाकण घट्ट बसलंय आणि आज धुरकं हटायला वेळ लागेल, हे तेच चित्र सांगतं आहे.

मधल्या रिकाम्या पट्टीसाठी हवामान खात्याच्या जुन्या वेधशाळा आहेत: अलिबाग, हर्णै, रत्नागिरी. त्यांचे सिनॉप अहवाल तीन-तीन तासांनी निघतात आणि खुल्या संकेतस्थळांवर स्थानक क्रमांकाने शोधता येतात. रत्नागिरीचा क्रमांक ४३११०. क्रमांकानंतरच्या पहिल्या पाच अंकी गटात तिसरा अंक ढगाच्या तळाचा आणि शेवटचे दोन दृश्यतेचे. तळाचा ३ म्हणजे २०० ते ३०० मीटर, ४ म्हणजे ३०० ते ६००, ५ म्हणजे ६०० ते १,०००. दृश्यतेचा ९४ म्हणजे एक किलोमीटर, ९५ म्हणजे दोन, ९६ म्हणजे चार, ९७ म्हणजे दहा. ९६ आला तर तुमच्या पाच किलोमीटरच्या अटीबद्दल शंका घ्यायला पुरेसं कारण आहे. दिसायला रुक्ष, पण सव्वातीनशे किलोमीटरच्या किनाऱ्यावर माणसाच्या डोळ्याने पाहिलेलं एवढंच असतं.

लक्षण: ढगाचा तळ दोन्हीकडे दोन हजार, तरी घाट बंद

बारामतीहून किंवा कोल्हापूरकडून चिपीला येणाऱ्यांचा हा घोळ. मॉडेलच्या नकाशातला ढगाचा तळ जमिनीपासून मोजलेला असतो. बेळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर. तिथे तळ दोन हजार म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेचार हजार. कुडाळला तोच रंग, तोच दोन हजार, पण तिथे जमीनच शंभर फुटांच्या आसपास, म्हणजे एकवीसशे. आंबोली ६९० मीटरवर आहे, जवळजवळ २,२६० फूट. घाट ढगात गेला. नकाशावर मात्र दोन्ही बाजूंना एकच रंग.

त्यातही मॉडेलला सह्याद्री बुटका दिसतो. नऊ किलोमीटरच्या जाळीत कडा, दरी आणि माथा यांची सरासरी होते. महाबळेश्वरचा माथा १,४३८ मीटरवर आहे. बावीस किलोमीटरच्या जाळीत तो उंचवटा कितीतरी खाली येतो. मॉडेलच्या कड्यावर ढग अडत नाही, खऱ्या कड्यावर अडतो.

करायचं असं: मार्गावर पाच बिंदू घ्या. पठारावर एक, माथ्यावर एक, कड्याखाली एक, मधल्या कोकणात एक, किनाऱ्यावर एक. प्रत्येकी तळात जमिनीची उंची मिळवून समुद्रसपाटीपासूनचा आकडा कागदावर मांडा. मॉडेलची जमीन नको, नकाशावरची खरी घ्या. कोकणच्या बाजूचा आकडा माथ्याच्या खाली आला तर घाटाखालून जाण्याचा विचार सोडायचा, फटीतून जाण्याचा तर अजिबात नाही.

वरून जायचं तर सापळा वेगळा आहे. पठारावर ऊन असतं, माथा सहज ओलांडला जातो, आणि पुढे खाली किनाऱ्यापर्यंत सलग ढग. मागचं पठार उघडं असेपर्यंतच वळायचं. त्यासाठी पर्यायी विमानतळ किनाऱ्यावरचा नको. चिपी झाकलेलं असताना मोपा आणि दाबोळीही त्याच थराखाली असण्याची शक्यता मोठी. कोल्हापूर किंवा बेळगाव धरा आणि चिपीवर दोन घिरट्या घालून परत घाट चढण्याइतकं इंधन मोजा.

लक्षण: नकाशात पूर्वेचा वारा, धावपट्टीवर पश्चिमेचा

मतलई आणि खारे वारे शाळेत शिकलो तेच. पहाटे जमिनीवरून पाच नॉट, अकराच्या सुमारास पडतो आणि मग पश्चिम-वायव्येचा दहा-पंधरा नॉट सुटतो. मॉडेलच्या तीन तासांच्या टप्प्यांत आपल्याला साडेआठ आणि साडेअकराचं चित्र मिळतं. पालट बरोबर मधे होतो आणि अ‍ॅप दोन टोकांची सरासरी काढून मधला वारा रंगवतं, जो प्रत्यक्षात कधी वाहतच नाही. दाबोळीच्या मेटारमध्ये दवबिंदू बघा. तो अर्ध्या तासात दोन-तीन अंशांनी चढला आणि तापमान वाढायचं थांबलं की खारा वारा आत आला. वाऱ्याच्या दिशेपेक्षा ही खूण पक्की. चुंबकीय फरकाची चिंता करू नका, इथे तो जवळपास शून्य आहे.

एप्रिल-मेमध्ये हाच वारा घाटाच्या पायथ्याशी हवा वर ढकलतो आणि दुपारी दोन-तीनला ढग उभे राहतात. ते किनाऱ्याकडे येतील की पठारावर जातील हे जमिनीवरचा वारा नाही सांगत, ७०० हेक्टोपास्कलचा सांगतो. दहा हजार फुटांवर पूर्वेचा वारा असेल, ऑक्टोबरात असतोच, तर संध्याकाळी तो गडगडाट तुमच्या धावपट्टीवर. त्या दिवशी दोनच्या आत उतरलेलं बरं. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अ‍ॅप जवळ ठेवा.

ढग नेमका कुठे आहे हे पाहताना उपग्रह कुठून बघतो याचा विचार करा. ४५.५ अंश पूर्वेवरच्या मेटिओसॅट या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात पंधरा किलोमीटर उंच माथा अकरा-बारा किलोमीटर पूर्व-ईशान्येला सरकलेला दिसतो. ८२ अंशांवरच्या इन्सॅटमध्ये सहाएक किलोमीटर वायव्येकडे. म्हणजे मेटिओसॅटमध्ये माथ्यापलीकडे दिसणारा ढग प्रत्यक्षात कोकणच्या बाजूला, तुमच्या वाटेवर असू शकतो.

लक्षण: सिगवेक्स नकाशा कोरा

सिगवेक्स म्हणजे विमानमार्गांवरच्या धोक्याच्या हवामानाचा नकाशा. तो दहा हजार फुटांच्या वरचाच असतो. साडेचार हजारांवर उडणाऱ्याला कोरेपणाचा काही उपयोग नाही. सिगमेट, म्हणजे धोक्याच्या हवामानाचा इशारा, मात्र वाचा, मुंबई एफआयआरचा (उड्डाण माहिती क्षेत्राचा).

क्रम

आदल्या संध्याकाळी फक्त मॉडेल, तेही दोन. युरोपीय आणि जर्मन किंवा अमेरिकी यांच्या ढगाच्या तळात हजार फुटांहून जास्त फरक असेल तर उद्याचा बेत सैल ठेवा. रात्री झोपण्याआधी नाइट मायक्रोफिजिक्स एकदा. समुद्रावर थर आहे का एवढंच.

निघण्याच्या दीड तास आधी मॉडेल बंद. आता निरीक्षणं: हवामान खात्याच्या ऑनलाइन ब्रीफिंगमधून मेटार आणि टॅफ (विमानतळाचा अंदाज), तीन मेटार मागे जाऊन, सांताक्रूझ किंवा गोव्याची फुग्याची नोंद, सिनॉप, मग रडार, कडेच्या पट्ट्यांसकट. टॅफमध्ये बीईसीएमजी (टिकणारा बदल) किंवा टेम्पो (तात्पुरता बदल) कुठल्या तासाला आहे ते स्थानिक वेळेत कागदावर लिहा.

वीस मिनिटं आधी दृश्य प्रकाशाचं ताजं चित्र आणि ठिकाणच्या हवामान कार्यालयाला किंवा टॉवरला एक फोन. ‘हवामान कसं आहे’ असं विचारू नका, उत्तर ‘ठीक आहे’ असंच येतं. धावपट्टीचं दुसरं टोक दिसतं का, खाडीपलीकडचा डोंगर दिसतो का, गेल्या तासात ढग वर गेला की खाली आला, असं विचारा. चित्र आणि फोन जुळले नाहीत तर फोनवरचं धरायचं आणि अर्ध्या तासाने पुढचा मेटार आल्यावर पुन्हा पाहायचं. मधल्या वेळेत इंधनाची टाकी बघून घ्या, रात्रीच्या दमट हवेने निचऱ्यात पाणी येतंच.